उरलेला अर्धा सिनेमा

शर्टाच्या कारखान्यात एक बाई एकच भाग शिवते. जी बाही लावते ती वर्षानुवर्षं बाहीच लावते, जी काजं करते ती काजंच करते. अख्खा शर्ट कुणा एकीच्या हातून होत नाही. त्यामुळे त्या कारखान्यात बायकांची खरी नावं हजेरीपुरतीच उरली होती, एरवी ज्या त्या बाईला तिच्या कामाच्या नावाने हाक मारायची पद्धत. आपली गोष्ट जिची आहे, ती कॉलर. सगळ्यात अवघड काम तिचं. कॉलरची दोन्ही टोकं सारखी यायला हवीत. एक टोक सूतभर जरी खाली उतरलं तरी तपासणीच्या टेबलावरून शर्ट माघारी येतो. हिचे शर्ट माघारी येत नसत, आणि ही गोष्ट ती कुणाला विसरूही देत नसे.

तिच्या डाव्या हाताला बाही बसायची. थोराड बांध्याची, खणखणीत आवाजाची, भांडायला एका पायावर तयार. उजव्या हाताला काज. चणीने बारकी, पण बोलायला लागली की शिलाई मशीनला लाजवेल अशी. तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं, साहेबांच्या बायकोने साहेबांना काय सुनावलं, सगळं काजकडून कळायचं. तिघी एकाच वयाच्या, एकाच वर्षी कामाला लागलेल्या, आणि डबा खाताना तिघींचे डबे एकच.

एक दिवस दुपारी कारखान्याची मोठी मोटार जळाली. धूर झाला, पट्टे थांबले आणि मुकादमाने सगळ्यांना घरी जायला सांगितलं. असा आयता अर्धा दिवस हाती आल्यावर घरी कोण जातं? रस्त्यापलीकडे थिएटर होतं आणि त्यावर अवकाशातल्या सिनेमाचं हे एवढं मोठं पोस्टर. काळ्याभोर आकाशात एक उंच मनोरा आणि त्याच्या टोकाला दिवा.

कॉलरचे तेव्हा दिवस भरत आले होते. ती म्हणाली, "मला झेपेल का गं?"

"नुसतं बसायचंच तर आहे," बाही म्हणाली. "मशीनवर बसतेस ती खुर्चीवर बस."

सिनेमा होता एका दीपस्तंभाचा. समुद्रातला नव्हे, अवकाशातला. ताऱ्यांच्या मध्ये कुठेतरी तो उभा, आणि त्यावर एकच बाई कामाला. येणाऱ्या-जाणाऱ्या यानांना वाट दिसावी म्हणून तिने दिवा तेवता ठेवायचा. पण कितीतरी वर्षं कुणी यान आलेलं नाही, घरून निरोप नाही. तरी ती रोज उठते, दिव्याची काच पुसते, यंत्राला तेल घालते. कॉलर पहिल्या पाच मिनिटांतच त्या बाईची झाली. असं मन लावून काम करणारं माणूस तिला फार आवडायचं.

मग एक दिवस लांबून एक यान येतं. हाका मारल्या तरी उत्तर देत नाही. येऊन स्तंभाला चिकटतं. बाई हातात लोखंडी पाना घेऊन दारासमोर उभी राहते. दार हळूहळू उघडायला लागतं, फटीतून पांढराशुभ्र उजेड येतो...

आणि पडद्यावर अक्षरं आली, मध्यंतर.

कॉलरच्या पोटात कळा त्याआधीच सुरू झाल्या होत्या. दार उघडू दे, मग बघू, म्हणून ती दातांवर दात दाबून बसली होती. मध्यंतर झालं आणि ती उठायला गेली, तर सरळ उभंच राहता येईना. बाहीने एका नजरेत ओळखलं. तिने गर्दीला असा काही आवाज दिला की लोक भिंतीला चिकटले. काजने रस्त्यात आडवं उभं राहून गाडी थांबवली. संध्याकाळच्या आत कॉलरला मुलगी झाली.

नवरा धावत दवाखान्यात आला तो थेट कामावरून. बायको सुखरूप, मुलगी सुखरूप, हे बघून त्याचा जीव भांड्यात पडला. मग त्याने विचारलं, "पण कारखाना तर दुपारीच सुटला म्हणे. मग इतका वेळ तू होतीस कुठे?"

काज पटकन म्हणाली, "सिनेमाला गेलो होतो." बाहीने तिला कोपर मारलं, पण उशीर झाला होता.

ती बातमी कारखान्यात पोहोचली आणि पोरीचं नाव ठेवण्याआधीच तिचं टोपणनाव पडलं, इंटरव्हल. पुढे लाडाने त्याचं इंटू झालं, आणि तेच टिकलं.

आठवड्याने बाही आणि काज तो सिनेमा पुन्हा जाऊन पूर्ण बघून आल्या. तिथून तडक बाळंतिणीला भेटायला. काजला तर जिन्यातच दम धरवत नव्हता. खोलीत पाऊल टाकताच तिने सुरुवात केली, "अगं, ते दार उघडतं ना, तर आत..."

कॉलरने दोन्ही हातांनी कान झाकले. "एक शब्द बोलशील तर याद राख! अर्धा पडद्यावर बघितलाय, उरलेलाही पडद्यावरच बघणार. पोरगी जरा मोठी होऊ दे, जाऊन येईन."

पण पोरगी मान धरायला लागेपर्यंत सिनेमा थिएटरातून गेला होता.

तो असा गेला तो गेलाच. एकदा दुसऱ्या टोकाच्या थिएटरात चार दिवसांसाठी लागला, तर कॉलरची सासू घसरून पडली आणि तिचं सगळं अंथरुणात करावं लागलं. एकदा टीव्हीवर लागला. नवऱ्याने हौसेने हाक मारली, "अगं ये, तुझी दिवेवाली आली बघ!" तर ही बाई घराबाहेर जाऊन जिन्यात बसली आणि संपेपर्यंत घरात आली नाही. इंटूने मोठी झाल्यावर मोबाईलवर दाखवायची तयारी केली. कॉलर म्हणाली, "एवढंसं आकाश? त्यापेक्षा नको." हट्टीपणात ती कुणाचं ऐकणारी नव्हती. घरात, गल्लीत सगळ्यांनी तिच्यापुढे हात टेकले.

खरी कमाल मात्र त्या दोघींची. विशेषतः काजची. जिला शेजाऱ्याच्या घरची भाजी काय झाली हे सांगितल्याशिवाय राहवत नसे, तिने हे एक गुपित वर्षानुवर्षं पोटात ठेवलं. मध्ये एकदा बाहीचं आणि कॉलरचं कडाक्याचं भांडण झालं होतं. कारण आता दोघींनाही आठवत नाही. बाही भर रस्त्यात ओरडली होती, "सांगू का शेवट? सांगू?" आणि काजने उडी मारून बाहीच्या तोंडावर हात ठेवला होता. पुढे महिनाभर बाही आणि कॉलर बोलल्या नाहीत, पण शेवट काही फुटला नाही.

कारखाना बंद पडला. बाहीने मुलाच्या वाणसामानाच्या दुकानात बसायला सुरुवात केली. कॉलरने घराच्या पुढच्या खोलीत मशीन टाकलं. झिजलेली कॉलर उसवून, उलटवून, पुन्हा नव्यासारखी बसवून द्यायची, असं तिचं काम. लोक लांबून शर्ट घेऊन यायचे. काजने बरीच वर्षं घरी काजं-बटणं केली, आणि मग तिचे डोळे गेले. पूर्ण नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं, नजरेचा मधला भाग गेलाय, कडा शाबूत आहेत. म्हणजे समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही, पण बाजूने कुणी गेलं तर कळतं. सुईत दोरा ओवायचं तर सोडाच, ताटातलं काय कुठे आहे तेही चाचपावं लागायचं. काज गप्प गप्प राहायला लागली. एवढी बडबडी बाई, पण फोन केला तरी हं, बरं, ठेवते.

आणि अशात एक दिवस इंटूचा फोन आला. ती मोटार चालवायला शिकवायच्या शाळेत मास्तरीण आहे. दिवसभर लोकांना ब्रेक कुठला आणि क्लच कुठला ते सांगून तिचा आवाज कायम चढलेला. "आई, खाली बस आधी. बसलीस? तुझा सिनेमा परत लागतोय. मोठ्या पडद्यावर. जुनी प्रत साफसूफ करून. एक आठवडा, रोज सकाळचा एक खेळ."

कॉलर आधीच बसलेली होती. ती उभी राहिली.

बाही एका हाकेवर तयार झाली. काज मात्र नाही म्हणाली. "मला काय दिसणार आहे तिथे? तुम्ही दोघी जा. मला उगाच ओढत नेऊ नका."

कॉलर संध्याकाळी तिच्या घरी गेली आणि तिच्या शेजारी पलंगावर बसली. "हे बघ, तू नाही आलीस तर मीही जात नाही."

"वेडी आहेस का? एवढी वर्षं थांबलीस..."

"त्यातली निम्मी तुझ्या तोंडावर बोट होतं म्हणून. मी बघेन आणि तुला सांगेन. तुला शेवट माहीत आहे, मला दिसतंय. दोघींचा मिळून एक सिनेमा होतो की नाही?"

काज उठून कपाटापर्यंत चाचपत गेली. मग म्हणाली, "निळा ड्रेस कुठे आहे ते सुनेला विचारावं लागेल."

शेवटच्या दिवशीचा खेळ मिळाला. इंटूने शाळेची गाडी आणली. गाडीच्या टपावर शिकाऊ चालकाची पाटी तशीच होती, आणि बाही वाटभर सिग्नलला थांबलेल्या लोकांना खिडकीतून सांगत होती, "घाबरू नका, ही शिकलेली आहे." थिएटर आता मोठ्या बाजाराच्या वरच्या मजल्यावर. काचेची भिंत, सरकता जिना. सरकत्या जिन्यावर काजचे पाय अडखळले. कॉलरने एका बाजूने धरलं, बाहीने दुसऱ्या बाजूने, आणि तिला जवळजवळ उचलूनच वर नेलं. "शर्टाचा गठ्ठा यापेक्षा जड असायचा," बाही म्हणाली, आणि किती दिवसांनी काज खळखळून हसली.

हॉल निम्म्याहून जास्त भरलेला. तरुण पोरं होती, नवरा-बायको होते, पुढच्या रांगेत एक टक्कल पडलेला गृहस्थ पाकीट फोडून मक्याच्या लाह्या खात होता. अंधार झाला. मनोरा दिसला. कॉलरच्या अंगावर सर्रकन काटा आला. तोच मनोरा, तीच काच पुसणारी बाई. तेव्हा ती बाई तिला मोठी वाटली होती, आज अगदी पोरसवदा वाटत होती.

"काय करतेय?" काजने विचारलं.

"काच पुसतेय. आता तेलाचा डबा घेतला. मागे खिडकीतून तारे दिसतायत."

टकलू गृहस्थाने मागे वळून पाहिलं. "काकू, जरा हळू."

"हळूच बोलतोय आम्ही," बाही अशा आवाजात म्हणाली की मागच्या दाराजवळची पोरंसुद्धा हसली.

यान आलं. बाईने पाना उचलला. दार उघडायला लागलं, पांढरा उजेड फाकला आणि मध्यंतर झालं. दिवे लागले. लोक उठले, पाय मोकळे करायला गेले. कॉलर खुर्चीचे दोन्ही हात धरून बसली होती. इंटू म्हणाली, "आई, पाणी? बाथरूम?"

"काही नको. मी इथून हलणार नाही."

लोक परत आले, दिवे मंदावले, पण पडदा काळाच राहिला. कुणी शिट्टी वाजवली. मग पुन्हा दिवे लागले आणि कोट घातलेला, हातात बिनतारी फोन घेतलेला एक तरुण मॅनेजर पडद्यापुढे येऊन उभा राहिला. चेहरा पडलेला. "माफ करा, प्रोजेक्टरमध्ये बिघाड झालाय. आजचा खेळ रद्द करावा लागतोय. तिकिटाचे पैसे बाहेर परत मिळतील."

"दुरुस्त होणार नाही का?" कुणीतरी विचारलं.

"तंत्रज्ञ बघतायत, पण वेळ लागेल. तोवर पुढच्या सिनेमाची वेळ होईल. आणि याचा आज शेवटचा दिवस होता, त्यामुळे... माफ करा."

खुर्च्या धडाधड मिटल्या. लोक कुरकुरत उठले. इंटूचा चेहरा उतरला. ती आईचा दंड धरून हळूच म्हणाली, "आई, चल. मी शोधते दुसरीकडे कुठे..."

कॉलर उठली नाही. तिने पर्स मांडीवर घट्ट धरली, पाय जमिनीवर रोवले आणि मॅनेजरला हाक मारली. आवाज फार मोठा नव्हता, पण स्वच्छ होता.

"साहेब, मी बसते."

"मॅडम, खेळ रद्द..."

"ऐकलं मी. पण मी या सिनेमातून एकदा मध्यंतराला उठले होते. ही माझी मुलगी. उठले त्या दिवशी ही झाली. तेव्हापासून त्या दारातून कोण येतं ते मला माहीत नाही. माझ्या या मैत्रिणींना माहीत आहे, आणि यांनी मला इतकी वर्षं सांगितलेलं नाही. आज मी उठणार नाही. तुमचं यंत्र दुरुस्त होईपर्यंत बसेन. दिवे बंद करा हवं तर."

मधल्या वाटेत लोक थबकले होते. सगळ्यांच्या नजरा इंटूकडे वळल्या. एवढी मोठी बाई, पण लाजेने लालबुंद झाली, आणि मग मान ताठ करून म्हणाली, "हो. मीच ती." आणि आईच्या शेजारी मटकन बसली.

बाहीने बसल्या जागी हाताची घडी घातली. काजने समोर न बघता, थोडं बाजूला तोंड करून विचारलं, "मॅनेजर तरुण आहे का गं? आवाजावरून चांगल्या घरचा वाटतो. ऐकेल."

पहिला बसला तो टकलू गृहस्थ. लाह्यांचं पाकीट मांडीवर ठेवून तो म्हणाला, "मीही बसतो." मग मागच्या पोरांची रांग बसली. दाराबाहेर गेलेले दोघं परत आले. खुर्च्या एकेक करून पुन्हा उघडल्या, आणि बघता बघता हॉल होता तसा भरला. मॅनेजर सगळ्यांकडे बघत राहिला. मग त्याने फोन तोंडाशी नेला. "अरे, पुढचा खेळ थांबव. हो, मी सांगतो. आणि वर जितके जण आहेत ना, सगळे त्या मशीनला लावा."

हॉलमध्ये असा जल्लोष झाला की सिनेमाच सुरू झाला असं बाहेरच्यांना वाटलं असेल. वाट बघण्याच्या त्या वेळात अनोळखी माणसं एकमेकांशी बोलायला लागली. मागच्या पोरांनी इंटूला विचारलं, तिचा वाढदिवस कधी असतो. कुणीतरी आणलेली बिस्किटं रांगेरांगेतून फिरली. आणि मग अचानक अंधार झाला आणि पांढरा उजेड पडदाभर पसरला.

दार उघडलं.

"काय दिसतंय?" काजने तिचा हात धरला.

"कुणी नाही," कॉलर म्हणाली. तिचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. "अगं, यान रिकामं आहे. एकच खुर्ची आहे. कोरी करकरीत."

"हं. पुढे?"

"तिच्यासाठी पाठवलंय. घरून. एकटीला परत बोलावलंय." पडद्यावरची बाई खुर्चीवरून हात फिरवत होती. निघाली तर दिवा विझणार, आणि अंधारात कुठे कुठे चुकलेली यानं कायमची चुकणार. राहिली तर घर कधीच दिसणार नाही. कॉलर सांगत राहिली. बाई खुर्चीत बसली, उठली, परत दिव्यापाशी आली, काचेला कपाळ लावून उभी राहिली. मग तिने बाह्या वर सारल्या, पाना उचलला आणि त्या नव्या यानाचं इंजिन खोलायला घेतलं.

"हे काय करतेय ही?" कॉलर पुटपुटली. "इंजिन ओढत नेतेय... स्तंभाच्या पायाशी. बोल्ट मारतेय..." आणि ती एकदम थांबली.

पुढचा टकलू गृहस्थ मागे न वळता म्हणाला, "सांगा ना त्यांना. थांबलात का?"

"स्तंभच निघालाय," कॉलर म्हणाली. आता तिला आवाज हळू ठेवता येत नव्हता आणि कुणी तिला हळू बोल म्हणतही नव्हतं. "अख्खा मनोरा हलला गं! दिवा घेऊन निघाली ती. तिने दिवाही सोडला नाही आणि घरही सोडलं नाही!"

काजने मान वळवली. समोर बघितलं की तिला नुसता करडा डाग दिसायचा, म्हणून ती कॉलरकडे तोंड करून बसली, म्हणजे पडदा तिच्या नजरेच्या कडेला आला. मनोऱ्याच्या मागे, काळ्या आकाशात, एक बारीक दिवा लागला. मग दुसरा. मग दहा, मग मोजता येणार नाहीत इतके. चुकलेली यानं एकामागून एक त्या उजेडामागे लागली होती.

"दिसले!" काज ओरडली. "अगं, मला दिसले! ते ठिपके, मागचे, सगळे दिसले मला!"

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. पडद्याला किती आणि या रांगेला किती, ते कुणी सांगू शकलं नसतं. बाही, जिला कुणी कधी रडताना बघितलं नव्हतं, ओढणीने नाक पुसत होती आणि इंटूवर ओरडत होती, "बघ, तुझ्यापायी आम्हाला किती थांबावं लागलं!" इंटू हसत होती आणि तिच्याही डोळ्यांना धार लागली होती.

दिवे लागले तरी कॉलर बसूनच होती. मॅनेजर त्यांच्या रांगेपाशी आला. "मॅडम, आवडला का शेवट?"

ती सावकाश उठली. पाठ सरळ केली. "काम चोख आहे," ती म्हणाली. तिच्या तोंडून याहून मोठी शाबासकी कारखान्यात कुणाला मिळाली नव्हती. मॅनेजरने ती हसून घेतली आणि स्वतः दार उघडून धरलं.

बाहेर पडल्या पडल्या काजच्या तोंडाचा बांध फुटला. आता लपवायचं काही उरलं नव्हतं. इंजिन खोलताना ती बाई ओठ कशी चावते, पहिल्यांदा बघताना बाही कशी खुर्चीवर उभी राहिली होती, बाळंतिणीच्या खोलीत शेवट गिळताना आपला जीव कसा कासावीस झाला होता, सगळं एका दमात. सरकत्या जिन्यावर तिचा पाय सहज पडला, तिचं तिलाही कळलं नाही. कॉलर मधेच म्हणाली, "अगं, श्वास घे." काज म्हणाली, "घेते, घेते. तू मला पुढच्या आठवड्याचं सांग. काय लागलंय तिथे? काही का असेना, मी येणार. बघायचं काम तुझं."

इंटू गाडी आणायला निघाली होती. बाहीने तिला थांबवलं. "गाडी राहू दे. भूक लागलीय. आम्ही चालत जाणार."

दुपारचं ऊन रस्त्यावर लख्ख पडलं होतं. तिघींनी एकमेकींच्या हातांत हात अडकवले, काज मध्ये, आणि सगळा फूटपाथ अडवून निघाल्या. समोरून येणारी माणसं आपणहून बाजूला होत होती. मागून इंटू चालत होती आणि पुढून काजचा आवाज येतच होता.